निवडणे, पाखडणे, घोळणे

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शाहूपुरीतील आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात पाहिलेला एक प्रसंग या लेखाला निमित्त झाला आहे. प्रसंग तसा क्षुल्लक आहे. साडेतीन वर्षांची एक मुलगी स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या चटईवर बसली होती. तिच्यापुढे एका ताटात राजमा, हरभरा आणि मूग मुद्दाम एकत्र कालवून ठेवले होते. शेजारी लाल, पिवळा आणि हिरवा कागद चिकटवलेल्या तीन वाट्या. मुलीच्या हातात चिमटा, आईच्या हातात मोबाईल. बालवर्गाच्या शाळेने सुट्टीसाठी एक छापील तक्ता दिला होता, त्यावर ‘घरातील वस्तूंतून शिक्षण’ असे शीर्षक होते आणि त्यातील त्या दिवसाच्या रकान्यात ‘सॉर्टिंग’ असे लिहिले होते. चित्रफीत शाळेला पाठवायची होती.

त्याच वेळी, चार पावलांवर, मधल्या सोप्यात मुलीची आजी वर्षाच्या साठवणीचा तांदूळ सुपात घेऊन बसली होती. मुलगी दोनदा चिमटा टाकून आजीकडे धावली आणि दोनदा तिला उचलून परत चटईवर आणून बसवण्यात आले. ‘अॅक्टिव्हिटी’ अपुरी राहिली होती. तिसऱ्यांदा तसे घडले तेव्हा आजी, कोणाकडेही न पाहता, म्हणाली, “आधी मुद्दाम मिसळायचं न् मग निवडत बसायचं? आन् हितं मिसळल्यालंच हाय की!”

आम्ही दोघे गेली वीस-बावीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. इतक्या कमी शब्दांत इतकी नेमकी शैक्षणिक टीका आमच्या वाचनात आलेली नाही. पुढे जे लिहीत आहोत ते त्या दोन वाक्यांवरचे भाष्य आहे.

प्रथम एक खुलासा. त्या मुलीच्या आईला दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीचा दिवस मोडून ती शाळेचा तक्ता इमानेइतबारे पार पाडत होती. आमचा वाद त्या तक्त्याशी आहे आणि तो ज्या विचारातून निपजला त्या विचाराशी. ‘महागडी खेळणी कशाला? घरातल्याच वस्तूंनी मुलांना शिकवा’ हा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. ऐकताक्षणी तो पटतो. साधा वाटतो, देशी वाटतो, आणि खर्चही नाही. आम्हालाही तो पटत असे. पण या उपदेशात वस्तू तेवढी घरातून उचलली जाते. तिला लगडलेले काम आणि त्या कामाची भाषा घरातच मागे राहते. मुगाचा दाणा चिमट्याने उचलला गेला, हिरव्या वाटीत पडला, संपले. तो मूग संध्याकाळी कोणी शिजवला नाही. तो एका डब्यात, पुढच्या ‘अॅक्टिव्हिटी’साठी, चिठ्ठी लावून ठेवण्यात आला.

आता सुपाकडे वळू. धान्य स्वच्छ करण्यासाठी मराठीत किती क्रियापदे आहेत ते पाहावे. निवडणे हे डोळ्यांचे आणि बोटांचे काम आहे. रूप, रंग पाहून खडा वेगळा करायचा. पाखडताना सूप वर उडवले जाते, फोलपट वाऱ्यावर पुढे जाते आणि दाणा मागे पडतो. घोळताना सूप आडवे धरून गोल फिरवावे लागते, म्हणजे जड आणि हलके आपापली जागा धरतात. चाळताना चाळणीचे भोक काय ते ठरवते. रोळताना धान्य पाण्यात हलवत अलगद दुसऱ्या भांड्यात घ्यायचे. खडे तळाशी बसतात. वेचणे वेगळे, आसडणे वेगळे. म्हणजे रूप, वजन, आकार, पाण्यात तरंगणे-बुडणे अशी वर्गीकरणाची निरनिराळी तत्त्वे आहेत आणि आपल्या भाषेने प्रत्येकासाठी स्वतंत्र क्रियापद घडवलेले आहे. शाळेच्या तक्त्यात या सर्वांना मिळून एकच शब्द होता: ‘सॉर्टिंग’.

ही भाषाशुद्धीची तक्रार आहे असे कोणी समजू नये. तक्त्यावर ‘वर्गीकरण’ असा तत्सम शब्द छापला असता तरी आमची हरकत तितकीच राहिली असती. किंबहुना थोडी वाढली असती, कारण मग त्या दारिद्र्याला मराठीपणाचा मुलामा चढला असता. प्रश्न शब्द कोणत्या भाषेतला आहे हा नसून, पाच कृतींमधला भेद मुलीच्या हाताला आणि कानाला कळणार की नाही, हा आहे. तीन वर्षांचे मूल ‘वजनावरून वेगळे करणे’ ही संकल्पना उच्चारू शकत नाही. पण ‘पाखड’ म्हटल्यावर काय उडून जाते आणि ‘घोळ’ म्हटल्यावर काय कडेला येते हे ते पाहू शकते. संकल्पना त्या क्रियापदात तयारच असते. पुढे कधीतरी विज्ञानाच्या तासाला तिला नाव मिळते एवढेच.

आणखी एक गोष्ट आम्ही त्या दिवशी कान देऊन ऐकली. व्याकरण शिकवण्याच्या सवयीमुळे असेल. चटईवरच्या संभाषणात जवळजवळ सगळी वाक्ये आज्ञार्थी होती: घे, टाक, इकडे बघ, आता हा, गुड. मुलगी अखेर सुपाजवळ पोचली तेव्हा आजी म्हणाली, “ह्यो बघ खडा. तांदळावानीच दिसतोय, पर दाताखाली आला की कळतोय.” या एका वाक्यात साम्य आहे, विरोध आहे, अट आहे आणि तिचा परिणाम आहे, ‘वानी’, ‘पर’, ‘की’ ही सगळी विचाराची बिजागरे आहेत. मुलीने विचारले, “तुझ्या दाताखाली आलावता?” आजीने दात कधी पडला त्याची हकीकत सुरू केली. म्हणजे वर्गीकरणातून निघून ती दोघी कथनमीमांसेपर्यंत पोचल्या, आणि तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

बालशिक्षणाचे अभ्यासक म्हणतील, यात नवे काय? काहीच नाही. आमची तक्रारच अशी आहे की हे जुने आहे, आपल्याच प्रदेशातले आहे आणि आपण ते अर्धवट वाचले आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि मॉन्टेसरी पद्धती त्यांच्या हाती मुरली. त्यानंतर १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. मॉन्टेसरीची मोजूनमापून घडवलेली लाकडी साधने त्या गावाला परवडणारी नव्हती. म्हणून शंखशिंपले, बिया, खडे, पाने, माती अशी परिसरातील सामग्री आली. हा इतिहास आपल्याकडे ‘स्वस्त आणि मस्त’ या सदराखाली सांगितला जातो. पण त्याचे मर्म स्वस्ताईत नाही. शिंपले ज्या किनाऱ्यावर पडलेले असतात तो त्या मुलांच्या आईबापांच्या श्रमाचा किनारा होता. त्या वस्तूंना मुलांच्या घरी नावे होती. वस्तूबरोबर नाव आले आणि नावाबरोबर घर आले. (खुद्द मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केल्यानंतर पाणी ओतणे, झाडणे, पुसणे अशा खऱ्या कामांना आपल्या पद्धतीत मानाचे स्थान दिले होते, हेही त्यांच्या नावाच्या पाट्या लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.)

आणि तरीही मुले येईनात. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच वस्तीत, अंगणात नेली गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला. मराठीच्या प्राध्यापकांनी या शब्दापाशी जरा थांबायला हवे होते. आपण थांबलो नाही. अंगण घराचे असते, पण घराच्या आत नसते. तेथे शेजारीण येते, दुसऱ्या घरचे मूल येते, कोंबडी येते. घरातील वस्तू अंगणात आली की ती चारजणांची होते आणि तिच्याविषयी चारजणांत बोलणे होते. घर की शाळा या आज रंगलेल्या वादाचे उत्तर त्या सामासिक शब्दात होते.

आमच्या शाहूपुरीत अंगणे फारशी उरली नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली ही पेठ. गुळाचा तो व्यवहार पुढे मार्केट यार्डात गेला, पण ‘रवा’ म्हणजे गुळाची ढेपही आणि शिऱ्याचा रवाही, हे येथल्या मुलाला कोणी कार्यपुस्तिकेतून शिकवावे लागत नसे. एकाच नादाचे दोन अर्थ त्याच्या घरात एकाच फळीवर असत. कुंभार गल्ली अजून आहे. गणपतीच्या आधीच्या महिन्यांत तेथे गेल्यास मोठ्यांच्या मूर्तींच्या शेजारी मातीचा लहानसा गोळा घेऊन बसलेली मुले दिसतात. तिथून हाकेच्या अंतरावर, रंगीत डब्यांतले सुगंधी कृत्रिम पीठ विकत आणून ‘बोटांच्या स्नायूंचा विकास’ चाललेला असतो. ती माती आणि ते पीठ यांत स्नायूंच्या दृष्टीने फारसा फरक नसेलही. पण कुंभाराच्या पोराला त्याचा बाप सांगतो, “पाणी जास्त झालं, आता ती बसंल.” माती ‘बसते’ हे समजण्यासाठी तिची मूर्ती व्हायची असावी लागते.

येथवर वाचून काही वाचक सुखावले असतील. आजी, सूप, कुंभार, गूळ, सगळे कसे छान जमून आले. त्यांना आम्ही येथेच अडवतो, कारण आमचा अर्धा वाद त्यांच्याशी आहे.

‘घर हीच पहिली शाळा’ म्हणणारा हा दुसरा पक्ष पहिल्याहून अधिक धोक्याचा आहे, कारण तो आपल्यातलाच आहे. सुपाविषयी आम्ही वर जे लिहिले त्यात एक गोष्ट सोयीस्करपणे राहून गेली आहे. सूप धरणारा हात नेहमी बाईचाच होता, आणि दळण-कांडण-निवडण यांत तिचे आयुष्य गेले. ती क्रियापदे समृद्ध आहेत कारण ते श्रम अपार होते. त्या श्रमांपासून सुटका झाली याचा आनंद मानायचा की शब्द गेल्याचे दुःख, असा प्रश्न टाकून उसासे सोडणारे ललित लेख आपल्या दिवाळी अंकांत पुष्कळ आले आहेत. आम्हाला तो प्रश्नच खोटा वाटतो. तांदूळ आज निवडलेला मिळत असेल तर मिळू दे. भाजी निवडायची असते, शेंगा सोलायच्या असतात, कपड्यांच्या घड्या करायच्या असतात, कुकरला किती वाट्या पाणी हे ठरवायचे असते. कामे आहेत. ती करणाऱ्यांत बापही असावा आणि त्याने करताना तोंड उघडावे, एवढीच अट. शेर, मापटे, चिपटे गेले. दोन चिपट्यांचे मापटे आणि दोन मापट्यांचा शेर ही अर्ध्या-दुपटीची साखळी वाटी, अर्धी वाटी, पाव वाटी अशी आजही प्रत्येक ओट्यावर मांडता येते.

याहून मोठा दोष पुढेच आहे. ‘घरातील वस्तू’ म्हणताना घर गृहीत धरलेले असते. दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. त्यांतील बरीच कुटुंबे मराठवाड्यातून येतात, बीडकडची विशेष करून, आणि फडाजवळ कोपी घालून राहतात. पहाटे कोयता घेऊन निघालेल्या आईच्या मागे तीन वर्षांचे मूल उसाच्या पाचटात बसलेले असते. त्या कोपीत चार भांडी असतात. वाटी आहे, पण वाटी दाखवून बोलायला दिवसा माणूस नाही. या मुलाला आमच्या लेखातले सूप काय कामाचे? त्याला अंगणवाडी लागते, आणि ती त्याच्या मुक्कामी यावी लागते, जशी ती वस्तीपर्यंत गेली होती.

मार्च २०२० नंतर टाळेबंदीत अंगणवाड्या बंद होत्या तेव्हा पालकांच्या मोबाईलवर असेच उपक्रम येत राहिले: चमचे मोजा, डाळी वेगळ्या करा, बाटल्यांची झाकणे लावा. आणीबाणीत ते योग्यच होते. पण त्या काळात एक समज रुजून गेली, की हे घरी होऊ शकते, तर मग बाकीचे हवे कशाला? कायद्याची भाषा या समजुतीला पोषकच आहे. शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वयाचा. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर सहा वर्षांखालील मुलांसाठी अनुच्छेद ४५ मध्ये राज्याने ‘प्रयत्न’ करायचा आहे, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ नुसार तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शासन आवश्यक ती व्यवस्था ‘करू शकेल’. विध्यर्थ आणि शक्यार्थ यांतला फरक आपण प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. येथे त्या फरकावर कोट्यवधी मुले उभी आहेत, आणि एकाही मराठीच्या प्राध्यापकाने या क्रियापदावर निबंध लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, २०२३ मध्ये केंद्राने खेळ-साहित्याचा ‘जादुई पिटारा’ आणला (मराठीत तो पेटारा असतो, असो). पण कायद्यातले क्रियापद बदललेले नाही.

शब्दांचाच विषय निघाला आहे तर आणखी दोन. अंगणवाडीत जी शिकवते ती ‘सेविका’, आणि तिला मिळते ते ‘मानधन’. शिक्षिका आणि वेतन हे शब्द तिच्यासाठी नाहीत. मान देऊन धन टाळण्याची ही मराठी युक्ती फार जुनी आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निकाल दिला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका आपल्या मागण्यांसाठी बेमुदत संपावर गेल्या आणि तो संप जानेवारीत जाईपर्यंत चालला. त्या सुमारास आमच्या महाविद्यालयात मराठी भाषा गौरव दिनाची तयारी सुरू होत होती. भाषेच्या गौरवाचा आणि त्या संपाचा काही संबंध असू शकेल, हे तेव्हा आमच्याही ध्यानात आले नाही, हे कबूल केले पाहिजे. आपल्या भाषेतले पहिले दोन-तीनशे शब्द घराबाहेर, चारजणांत वापरायला लाखो मुले ज्या बाईपाशी शिकतात, तिच्या पगाराचा प्रश्न हा मराठीचा प्रश्न आहे.

कबुलीच द्यायची तर पुरती द्यावी. आमची मुलगी आज अकरावीत आहे. ती तीन वर्षांची असताना आम्हीही तिला इंग्रजी बालवर्गात घातले. बाईंनी सांगितले म्हणून घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवल्या: डोअर, चेअर, स्पून. दोन मराठीचे प्राध्यापक स्वयंपाकघरात गोंदाची बाटली घेऊन उभे होते, हे चित्र आज आठवले की हसू येते, आणि ते फार वेळ टिकत नाही. उलथणे आणि कालथा, झारा आणि पळी, गडू आणि तांब्या हे आमच्या घरी होते. चिठ्ठीसाठी इंग्रजी प्रतिशब्द सापडेना म्हणून ते कोरे राहिले, आणि जे कोरे राहिले त्यांची नावे मुलीला आजही येत नाहीत.

याच शहरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. मुलांचा भोवताल हेच पाठ्यपुस्तक मानून मराठीतून शिकवता येते, हे त्यांनी वर्षानुवर्षे करून दाखवले आणि त्याविषयी विपुल लिहिले. २०२० मध्ये त्या गेल्या. लीलाताई या ना. सी. फडके यांच्या कन्या. फडक्यांच्या तंत्रवादावर आपण किती तास खर्च केले! लीलाताईंच्या गद्यावर किती? अनुताई वाघ यांचे ‘कोसबादच्या टेकडीवरून’ आम्ही एम.ए.ला असताना अभ्यासक्रमात नव्हते, आणि शिकवू लागल्यापासून एकाही वर्षी ते आमच्या वाट्याला आलेले नाही. स्त्रीआत्मकथनांची सबंध प्रश्नपत्रिका असूनही.

या वर्षी जूनमध्ये आम्ही एम.ए.च्या वर्गात विचारले, पाखडणे आणि घोळणे यांत फरक काय? चाळीसांपैकी तिघांनी हात वर केला. एक राधानगरीकडचा, दोघी आजऱ्याच्या. हात वर करून तिघेही ओशाळले, जणू आपले खेडवळपण उघडे पडले. एका मुलीने फळ्याजवळ येऊन, हातात सूप आहे असे समजून, दोन्ही कृती करून दाखवल्या. वर्ग हसला, मग शांत झाला, मग पाठीमागून एकाने विचारले, “मॅडम, ‘घोळ घालणे’ ह्यातला घोळ तो हाच का?” पुढचा तास आम्ही वेळापत्रकातला विषय शिकवला नाही.

त्या तासाच्या जोरावर आम्ही अभ्यासमंडळाकडे एक पत्र धाडले: पदव्युत्तर वर्गाला घरकामाच्या शब्दसंपदेचे क्षेत्रीय संकलन हा प्रकल्प असावा, विद्यार्थ्यांनी तो जवळच्या अंगणवाडीत बसून, मुले व सेविका यांच्या बोलण्यावरून करावा, आणि ताराबाई-अनुताई-लीलाताई यांचे शिक्षणविषयक गद्य एका सत्राला नेमावे. पत्र चर्चेला आले. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, विषय चांगला आहे, पण तो गृहविज्ञान विभागाकडे वर्ग करावा. तसा तो करण्यात आला आहे. गृहविज्ञान विभागाचे उत्तर अद्याप आलेले नाही. शेजारच्या मुलीच्या शाळेचा दिवाळीच्या सुट्टीचा तक्ता मात्र आला. पहिल्या दिवसाच्या रकान्यात ‘पोअरिंग’ आहे.